बांजाची गोधडी

दादा,

तुझी राख अजून मिळालेली नाही. इथे डच कायद्याने ती महिनाभर दाहगृहातच ठेवतात, मग देतात. मी फोन करून पाहिला. पलीकडच्या बाई फार गोड बोलल्या, पण नियम तो नियम. तू असतास तर वर मलाच ऐकवलं असतंस, "मने, त्यांचं बरोबर आहे, नियम कशाला करतात मग?" जन्मभर हेच ऐकवत आलास. आता तूच नियमात अडकून पडलायस. मला याचं हसू आलं, आणि मग हे सांगून हसायला बाजूला कोणी नाही हे लक्षात आलं.

बांज मात्र मिळाला, तुझा तो कुंडीतला हिमालयी ओक. तुझ्या घरमालकीणबाईंना खोली रिकामी हवी होती, त्यांचंही काही चुकलं नाही. मी व्हॅन भाड्याने घेऊन वाखनिंगनला गेले. तुझ्या लॅबमधला तो उंच, अबोल माणूस मदतीला आला होता. कुंडीच्या एका कडेला तो, दुसऱ्या कडेला मी, दोघांच्या तोंडावर मास्क. व्हॅनचं दार लावताना त्याला रडू आलं. मी त्याच्या पाठीवर हात ठेवायला पुढे झाले आणि एकदम दोघंही मागे सरलो. तिथून न्यूनेनला माझ्या घरापर्यंत बांज मागे आडवा पडून होता आणि वळणावर त्याची पानं खसखसली की मी आरशात बघत होते. मागून तू काहीतरी पुटपुटतोयस असं वाटत होतं, आणि ते मला बरं वाटत होतं.

तुझ्या वस्तू फारशा नव्हत्याच. पुस्तकं लॅबला दिली. सायकल घरमालकीणबाईंच्या नातवाला. मी आणला तो बांज आणि आईची गोधडी. लग्न केलं नाहीस, घर घेतलं नाहीस, केलंस काय तर एक झाड. आणि तेही कुंडीत.

ते झाड आलं कसं, हे आठवलं की अजून मजा वाटते. विमानतळावर दुसऱ्यांच्या पिशव्यांतले आंबे बघून अख्खं व्याख्यान देणारा तू, झाडांच्या रोगांचा डॉक्टर. मी आणलेला कढीपत्त्याचा जुडगासुद्धा तू माझ्या स्वयंपाकघरात कचऱ्यात टाकला होतास, महिनाभर मी तुझ्याशी धड बोलले नव्हते. आणि त्याच तुझ्या जाड कोटाच्या खिशात, कुमाऊँच्या डोंगरातून आल्यावर, ते टोपी घातलेलं बांजाचं फळ निघालं. नुसतं निघालं नाही, त्याला मोडही आला होता. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! मी पोट धरून हसले. तू मात्र पांढराफटक पडलास. दुसऱ्या दिवशी स्वतःहून लॅबमध्ये जाऊन सांगितलंस, फळ त्यांच्या बंद काचघरात ठेवलंस, आणि रोगबीग काही नाही अशी खात्री झाल्यावरच घरी आणलंस. दुसऱ्या कुणी गपचूप मातीत खोचलं असतं. तू स्वतःवरच खटला भरलास आणि स्वतःलाच सोडलंस.

पण सोडलंस ते कुंडीपुरतं. "जमिनीत नाही लावायचं," हे तेव्हाच ठरवलंस.

मी बांज पहिल्यांदा नीट पाहिला तो तुझ्या गॅलरीत. नोव्हेंबर होता, समोरच्या रस्त्यावरचे सगळे ओक तांबूस होऊन गळत होते, आणि हा मेला हिरवागार. तू पान उलटं करून दाखवलंस. वरून गडद, खालून पांढरं, लव असल्यासारखं. वारा आला की अख्खं झाड क्षणभर पांढरं होतं. तू सांगितलंस, डोंगरावरच्या दाट जंगलात हाच पंचवीस-तीस हात उंच जातो, त्याच्या मुळाशी झरे टिकतात, आणि जिथे गुरं चरतात, बायका चाऱ्याला फांद्या छाटतात, त्या उघड्या उतारावर हाच गुडघ्याएवढं खुरटं झुडूप होऊन राहतो. झाड तेच, बी तेच. "मरत नाही गं, नुसता खाली बसून राहतो," म्हणालास. मी म्हटलं, म्हणजे तुझ्यासारखा. तू खूश झालास. टोमणा होता तो, दादा.

मग आपला तो वाद. किती वर्षं चालला! माझं घर झालं, मागे हातभर का होईना बाग झाली, तेव्हापासून मी म्हणतेय, आण तो इकडे, लावू जमिनीत. दर दोन वर्षांनी तू त्याला कुंडीतून काढायचास, मुळं कापायचास, परत बसवायचास. मला ते बघवत नसे. "अरे, किती दिवस पाय कापून ठेवणार आहेस त्याला?" तुझं उत्तर ठरलेलं. "हा इथला नाही. उपऱ्याला दुसऱ्याच्या जंगलात सोडायचं नसतं." मग अमेरिकेतून आणलेल्या त्या ओकची गोष्ट, तो इथल्या रानात कसा माजला आणि आता वनखात्याची माणसं त्याला कसं तोडत बसतात. ती गोष्ट मला पाठ आहे. तू श्वास घ्यायला थांबलास की पुढचं वाक्य मी म्हणायचे.

आणि मग मी डच पासपोर्ट घेतला. त्यावर तू बोलला असतास तर बरं झालं असतं. पेढे खाल्लेस, चहा घेतलास, आणि निघताना बांजाच्या खताबद्दल काहीतरी विचारलंस. मला तुझा इतका राग आला होता.

ते सगळं बाहेर आलं या भाऊबीजेला. साथीमुळे येणंजाणं बंद, म्हणून फोनवरच ओवाळलं. मी इथे निरांजन फिरवत होते आणि तू तिथे पडद्यावर मान तिरकी करून बसला होतास, ओवाळणी म्हणून बांज दाखवलास. "मने, धरलाय! पहिल्यांदा धरलाय!" फांदीच्या टोकाला चारपाच फळं, आणि त्यांवर तू काय बांधलं होतंस? कांद्याची जाळी. सुपरमार्केटमध्ये कांदे मिळतात ती, लाल. मी विचारलं, हे काय? म्हणालास, "तो चोर येतो. निळ्या पंखाचा. एकेक फळ उचलतो आणि कुठेकुठे पुरून ठेवतो, मग विसरतो. इथले निम्मे ओक त्यानेच लावलेत. हे त्याच्या हाती लागलं तर पंचाईत."

निरांजन हातातच होतं माझ्या. मी म्हटलं, "दादा, उपरा, उपरा करतोस, मग आपण कोण आहोत?"

"आपण निदान बिया उडवत नाही," तू हसत म्हणालास.

"आणि माझी सई? ती इथेच जन्मली. मी मराठीत विचारते, ती डचमध्ये उत्तर देते. तिच्यावर कुठली जाळी बांधू?"

तू जाळीची गाठ पुन्हा आवळलीस. मग म्हणालास, "हे फोनवर नको. भेटलो की बोलू."

भेटलो नाही, दादा.

जानेवारीत तुला खोकला झाला. तू तीन दिवस मला सांगितलंच नाहीस आणि हाउसआर्ट्सला, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरांनाही, फोन केला नाहीस, कारण डॉक्टरांना उगाच त्रास द्यायचा नसतो. मग ॲम्ब्युलन्सच आली. हॉस्पिटलात मला येऊ दिलं नाही. नळी घालायच्या आधी त्यांनी एका टॅबवर तुझा चेहरा दाखवला. टॅब धरणाऱ्या नर्सचा फक्त हातमोजा दिसत होता. मी काय काय बोलायचं ठरवलं होतं. आईला काय सांगू, हे विचारायचं होतं. तुला धाप लागत होती आणि त्या धापेत तू म्हणालास, "मने, थंडी पडेल. कुंडीला गोधडी घाल."

मी घालते म्हटलं. एवढंच झालं आपलं बोलणं. नंतर मी स्वयंपाकघरात उभी राहून तुझ्यावर ओरडले, माणूस शेवटचं बोलतो ते असं? झाडाबद्दल? मग सुचलं की तू मला तेवढंच एक काम नेहमी सांगायचास. दर वर्षी थंडीच्या आधी फोन यायचा, "ये, कुंडी बांधायची आहे." खरं तर गोधडी गुंडाळायला दोन माणसं लागत नाहीत. मी यायचे, तू दोरी धरायचास, मी गाठ मारायचे, मग तू पिठलं करायचास. आईने पुण्याहून तुझ्यासाठी पाठवलेली गोधडी, तिच्या जुन्या नऊवारीची. ती तू कधी अंगावर घेतलीच नाहीस. आईला अजून हे माहीत नाही.

अंत्यविधीला आम्ही मोजकीच माणसं, खुर्च्या लांबलांब मांडलेल्या. सई ग्रोनिंगनहून आली होती, ती माझ्या शेजारी बसली म्हणून निदान एक हात हातात होता. तुझ्या लॅबमधल्यांनी पेटीवर ओकची फांदी ठेवली, इथल्या ओकची, पान नसलेली. आई पुण्यात फोनवर बघत होती. शेजारच्या काकूंनी तिला फोन धरून दिला होता आणि त्या रडत असल्यामुळे तिकडचं चित्र हलत होतं. आईने एकच विचारलं, "त्याला थंडी नाही ना वाजत तिथे?"

दहाव्याला मी बांज मागच्या बागेत आणून ठेवला. गुरुजी पुण्यात फोनवर. विधी बहिणीने करावा का, यावर ते जरा अडखळले, तर आईच म्हणाली, "त्याला दुसरं आहे कोण? ती करेल." मी भाताचे पिंड केले, केळीचं पान कुठलं मिळायला, स्टीलच्या ताटात ठेवले, ताट गवतावर ठेवलं आणि मागे सरले. सईने फोन धरला. गुरुजी म्हणाले, आता वाट बघा.

इथे कावळ्यांना तोटा नाही, तुला माहीतच आहे. शेजाऱ्यांच्या धुराड्यावर ओळीने बसले होते. एक खाली येईल तर शपथ. गुरुजी म्हणाले, "ताई, त्यांची काही इच्छा राहिली असेल. बोला, शब्द द्या." मी म्हटलं, दादा, आईला मी सांभाळीन. कावळे बसलेलेच. आई तिकडून म्हणाली, "सांग त्याला, अस्थी नाशिकला आणते." मी म्हटलं, विमानं सुरू झाली की आणते. एक कावळा उडाला, तो उलट दिशेने. सईचा हात दुखायला लागला, तिने फोन दुसऱ्या हातात घेतला. आईला रडू फुटलं. "माझं पोरगं कशात अडकलंय गं?"

गुरुजी चांगले माणूस, म्हणाले, "आजी, सोय असते. दर्भाचा कावळा करतात आणि शिववतात." आई रडता रडता थांबली. "गवताचा कावळा नको. झाडांचा डॉक्टर होता तो, त्याला असलं खोटं चालायचं नाही."

मला कळलं होतं रे. आधीपासूनच कळलं होतं. फक्त तोंडून काढवत नव्हतं, कारण तो शब्द दिला की आपला वाद संपला, मी हरून. आणि वाद संपला की तुझं माझ्याकडे काय उरतं? पण आईचं रडणं ऐकवेना. मी फोनपासून लांब गेले, कुंडीजवळ उभी राहिले आणि हळूच म्हटलं, "बरं बाबा. तुझंच खरं. जमिनीत नाही लावणार. जाळीही काढणार नाही. झालं?"

आणि तो आला. कावळा नाही. तपकिरी गुलाबी, पंखावर निळी पट्टी. कुंपणावर बसला, मान वाकडी करून माझ्याकडे बघितलं, अगदी तू भाऊबीजेला केली होतीस तशी, आणि टुणकन ताटात उतरून त्याने भात खाल्ला.

"शिवला का?" गुरुजी.

"शिवला."

"कावळाच ना?"

"त्याच्याच कुळातला आहे, गुरुजी. दादानेच सांगितलंय."

गुरुजींनी पोथी मिटली. "परदेशात चालतं," म्हणाले.

आई कितीतरी वेळ हात जोडून बसली होती. तिच्या चेहऱ्यावर जे आलं, ते बघून मला वाटलं, हरले तर हरले.

फोन बंद झाला. मी ताट उचलायला वाकले तर सई डचमध्ये ओरडली, "आई, बघ, बघ!" तुझा चोर कुंडीवर बसला होता. कांद्याची जाळी थंडीवाऱ्यात किती टिकणार? त्याने चोचीने दोन हिसके दिले, एक फळ काढलं, टोपी तिथेच टाकली, आणि माझ्या देखत कुंपणापाशी, लॉनच्या कडेला, चोचीने खुपसून आत दाबलं. वर एक वाळकं पान ठेवलं. पान जरा तिरकं पडलं, तर उचलून नीट ठेवलं. आणि गेला उडून. सई म्हणाली, "त्याने लावलं! मामाचं झाड!" मग माझ्याकडे बघून, मोडक्या मराठीत, "आपण काढायचं नाही ना?"

तू सांग आता. मी शब्द दिलाय. लावणार नाही म्हटलं, आणि मी लावलंही नाही. पण तुझ्या नियमाने ते उकरून काढायलाच हवं, हे मला कळत नाही असं समजू नकोस. सई गेल्यावर मी खुरपं घेऊन रोज तिथे गेले. पान बाजूला केलं, गुडघ्यावर बसले. रोज उठून परत आले. घरात आलं की इतकं शांत असतं, दादा. संचारबंदी लागल्यापासून रस्त्यावर सायकलसुद्धा वाजत नाही. ऑफिसच्या मीटिंगा इंग्रजीत, दुकानात दोन शब्द डच, आई फोनवर, पण तिच्याशी मी भांडू शकत नाही आता. मराठीत कुणाशी तरी कडाकडा भांडावं असं मला वाटतं. तुझ्याइतका हट्टी माणूस मला पुन्हा कुठे मिळणार? मला तू मोठं केलंस ते भांडून. सायकल शिकवलीस ओरडून, या देशात आणलंस धमकावून, आणि माझं लग्न मोडलं तेव्हा वर्षभर दर रविवारी येऊन माझ्या भाजीला नावं ठेवत बसलास, म्हणून मी रविवारी जेवत राहिले. हे कधी बोलले नाही. तूही ऐकून घेतलं नसतंस.

बर्फ येणार, मोठी थंडी पडणार, असं परवापासून सांगत होते. तुझा फोन यायची ती वेळ. मी गोधडी काढली. तिला अजून तुझ्या खोलीचा वास आहे. कुंडीभोवती एक वेढा घातला, मग दोरी धरायला दुसरा हात नाही म्हणून थांबले.

मग मी काय केलं ते सांगते. कुंडी ओढत ओढत शेडमध्ये नेली. दम लागला, पण नेली. दार लावलं, खिडकीपाशी ठेवली, उजेड आहे, वारा नाही, तुझा बांज सुखात आहे. उरलेली फळं जाळीत आहेत, जाळी नवी बांधली आहे, तिथे माझा शब्द पाळलाय.

आणि गोधडी बाहेर नेली. कुंपणापाशी, त्या वाळक्या पानावर, दुहेरी करून पसरली. कडांवर चार विटा ठेवल्या.

आज सकाळी उठले तर सगळं पांढरं. बाग, कुंपण, शेडचं छप्पर. फक्त तेवढ्या जागी बर्फाला थोडा उंचवटा आहे, आणि एका कोपऱ्यातून आईच्या नऊवारीचा हिरवा काठ दिसतोय. मी चहा घेऊन खिडकीत उभी आहे. चुकलं असेल माझं, तर बोल. मोठ्याने बोल.